सॅल्मनच्या दातांखाली टिकणारा खोटा मासा

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलावावर मरळ धरायला पोट्टे गळाला जिवंत बेडूक नाहीतर बारकी मासोळी लावतात, ती गेली की दुसरी लावायची. पण अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन राज्याचा किनारा, तिकडचे फ्लाय फिशिंगवाले केस, पिसं, चकचकीत पट्ट्या अन् दोरा एवढ्यावर गळाभोवती बोटभर लांबीचा खोटा मासा बांधतात अन् त्यावर सॅल्मन धरतात. अशा खोट्या आमिषाला फ्लाय म्हणतात, अन् बारक्या माशासारखी दिसणारी ही बेटफिश फ्लाय. मासा त्याला भुलतो हे नवल आहेच, पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते दातेरी तोंडांतून पुन्हा पुन्हा जाऊनही तो शाबूत राहतो याचं, अन् हे मटेरियल भारी आहे म्हणून होत नाही, बांधताना डोकं लावलेलं असतं म्हणून होतं.

कोहो अन् चिनूक या पॅसिफिकमधल्या सॅल्मनच्या जाती समुद्रात असेपर्यंत हेरिंग, सॅण्ड लान्स असले चंदेरी मासे खातात, अन् अंडी घालायला नदीत शिरल्या की खाणं जवळपास बंदच करतात, म्हणून खोट्या माशाचा खरा जोर चालतो तो खाऱ्या पाण्यात, किनाऱ्याजवळ. म्हणजे मीठ आलं, दगड-वाळू आली अन् बारीक टोकदार दात आले. मग सरळ टणक प्लास्टिकचा मासाच काहून नाही बनवत? कारण या फिशिंगमध्ये फेकताना वजन गळाचं नसतं, दोरीचं असतं, जाड दोरी हवेत उलगडत जाते अन् फ्लाय तिच्या मागं ओढली जाते. फ्लाय जड झाली, पाणी पिऊन बसली, की फेकच मरते. म्हणजे हलकं पाहिजे, मऊ पाहिजे, पाण्यात हललं पाहिजे अन् टिकलंही पाहिजे.

फ्लाय खराब होते कुठं हे नीट पाहिलं तर केस मधेच तुटलेले कमीच दिसतात. सुटतो तो दोरा. सगळी फ्लाय डोक्याजवळच्या त्या बारीक दोऱ्यावर उभी असते अन् दोरा धरतो तो घर्षणाच्या जिवावर. बैलाचं दावं खुंट्याला नुसते दोन-तीन वेढे देऊन टोक हातात धरलं तर एवढा मोठा बैल ओढून थकतो अन् आपल्याला बोटांचा जोर पुरतो, तेच इथं. पकड वेढ्यागणिक बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते: घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एका वेढ्याला साधारण ३.५ पट, अन् ५ वेढ्यांत ५०० पटीच्या वर. म्हणून आधी गळाच्या उघड्या दांडीवर दोऱ्याचा एक थर द्यायचा कारण गुळगुळीत पोलादावर सगळंच सरकतं, मग केसांची बारीक जुडी, मग पाच-सहाच वेढे पण पूर्ण ताणात, दोरा तुटायच्या जरासं अलीकडं. ढिले वेढे कितीही दिले तरी डोकं नुसतं जाड होतं अन् दातांना चावायला जागा मिळते. जुडी जाड घेतली तर मधल्या केसांपर्यंत दोऱ्याचा दाब नीट पोचत नाही अन् ते एकेक करून निघतात, त्यामुळं तीन बारक्या जुड्या एका मोठ्या जुडीपेक्षा केव्हाही चांगल्या.

आता बाहेरचा एक वेढा दातानं कापला गेला की बाकीचे उलगडायला लागतात, त्याला उपाय गोंद, पण शेवटी वरून थापलेला नाही. पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्या गावातल्या दुकानात मिळणारं फेविक्विकच्या जातीचं, प्रत्येक जुडी बांधली की तिच्या मुळाशी एक थेंब. तो बारीक फटींतून आपोआप आत ओढला जातो अन् ओलाव्याशी गाठ पडली की त्याचे रेणू साखळीनं जुळून घट्ट होतात. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर यांची टीम बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होती तेव्हा हे हाती लागलं, अन् सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला पडलं. दोष एकच, वाळलं की ठिसूळ, दगडावर आपटलं की तडकतं. म्हणून डोक्यावर यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या राळेचा पातळ थर द्यायचा, यूव्ही टॉर्चखाली काही सेकंदात पक्का होतो, दातांचे डॉक्टर फिलिंगवर निळा लाईट मारतात ती याच घराण्यातली केमिस्ट्री. न्यू जर्सीच्या बॉब पोपोव्हिक्स यांच्या फ्लायच्या ब्लूफिश या समुद्री माशाचे दात चिंध्या करायचे, तर त्यांनी डोक्याकडचा भाग एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेत मढवला, त्यातून सर्फ कँडी नावाची फ्लाय आली. अन् जेल-स्पन पॉलिथिलीनचा दोरा, बुलेटप्रूफ जॅकेटात जातो तो, ताकदीला जबरदस्त, पण पॉलिथिलीनला गोंद धरतच नाही, त्यामुळं तो वापरला तर सगळी भिस्त ताणावरच ठेवावी लागते.

डोळे हा नाजूक भाग. पेनसिल्व्हेनियाचे बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात दांडीवर धातूचे डंबेल डोळे बांधले, त्या वजनानं फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं अन् तळाच्या दगडांत अडकत नाही. फार हुशारीची गोष्ट आहे ही. पण हेच डोळे आपटून आपटून दांडीभोवती फिरायला लागतात. इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे दिले तरी ते हळूहळू सैल पडतात, म्हणून नंतर डोळ्यांच्या खालून, दांडीच्या वरून, त्या आठाच्याच वेढ्यांना कवळ मारल्यासारखे आडवे वेढे गोल फिरवायचे, ते आधीच्या दोऱ्याला आवळतात, मग फेविक्विकचा थेंब. बाप्पा, एवढं केलं की पक्कडीनंही हलत नाहीत.

दिसण्याचं थोडक्यात. खऱ्या माशाची चांदी म्हणजे कातडीतले ग्वानिनचे पातळ स्फटिक, तेच ग्वानिन जे डीएनएत असतं. फ्लायमध्ये ते काम धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टरच्या पट्ट्या करतात, वर गडद केस, खाली पांढरे. जुन्या सॅल्मन फ्लायवर डोळ्याच्या जागी राखी रानकोंबड्याच्या मानेचं मेणचट ठिपक्याचं पीस लावायचे, हा पक्षी ताडोबाच्या जंगलात फिरतो. आज त्याला हात लावायचा नाही, चितळ-सांबराच्या केसांनाही नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे अन् तो बरोबर आहे. तिकडं पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शेपटीचे केस वापरतात, इथं बकरीचे केस छान चालतात.

इतकं करूनही दात ते दातच, म्हणून मला सगळ्यात पटलेली युक्ती म्हणजे फ्लाय गळावर बांधायचीच नाही, बारीक नळीवर बांधायची. दोरी नळीतून जाते, गळ मागं वेगळा बांधलेला असतो, मासा लागला की फ्लाय दोरीवरून वर सरकते अन् चावाचावी गळापाशी होत राहते. आखूड गळाला पिळा मारून सुटायला माशाला तरफही मिळत नाही, अन् मिठानं गळ गंजला (स्टेनलेसलासुद्धा क्लोराईडनं बारीक खड्डे पडतात) तर फक्त गळ बदलायचा. मरळीसाठी मी हे पेनच्या रिकाम्या रिफिलवर बांधतो, शाई स्पिरिटनं धुऊन, वरून पॉलिश पेपर घासून, अन् पुढच्या टोकाला लायटरची जराशी आच दाखवून, म्हणजे काठ फुगतो अन् दोरा पुढं घसरत नाही.