जेवताना पाणी नको, मग चहा चालतो?

जेवताना पाण्याचं भांडं तोंडाला लावलं की आपल्या घरांत कुणी ना कुणी बोलतंच. "पाण्यानेच पोट भरशील!" ही एक तऱ्हा. "मधेमधे पाणी पिऊ नये, अन्न पचत नाही" ही दुसरी, जरा शास्त्रीय वाटणारी. हल्ली मोबाइलवर तिसरीही फिरते: पाण्याने जठराग्नी विझतो, अन्न पोटात सडतं आणि मग त्यातून जगातले सगळे विकार. त्याच घरात सकाळी साडेसातला तोच मुलगा पोळीची गुंडाळी करून चहात बुडवून खातो, तेव्हा मात्र कुणी हूं की चूं करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण चुकीच्या भांड्यावर ओरडतो.

आधी पाण्यावरचा आरोप पाहू. पाणी जठररस पातळ करतं, हे खरंच आहे. प्रश्न आहे किती, आणि किती वेळ. समजा, पोटात अर्धा लिटर ऐवज आहे आणि त्याचा पीएच २ आहे, म्हणजे चांगलं जहाल आम्ल. त्यावर पाव लिटर पाणी प्यायलात. आता पीएच होईल साधारण २.१८. पीएचची मोजपट्टी अशी आहे की एक अंक वर चढायला आम्ल दहापट पातळ व्हावं लागतं. २ चा ३ करायचा तर त्या अर्ध्या लिटरवर साडेचार लिटर पाणी ओतावं लागेल. ताटावर बसून एवढं पाणी पिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

शिवाय जठर म्हणजे काही एकदा भरून ठेवलेली बरणी नव्हे. अन्नातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात, त्यामुळे वरणभात पोटात गेल्यावर तिथला पीएच तसाही ४-५ पर्यंत चढतो. जठराच्या भिंतीला ताण जाणवतो, प्रथिनांची चाहूल लागते, गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि आणखी आम्ल पाझरतं. दिवसाकाठी असा दोनेक लिटर जठररस तयार होतो. लाळ एक ते दीड लिटर, त्यात पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यांचे स्राव. आपण दोन लिटर पाणी प्यायलो तर शरीर स्वतःचं सातेक लिटर पचनमार्गात ओततं आणि त्यातलं बहुतेक सगळं परत शोषून घेतं. या उलाढालीत एका फुलपात्राची ती काय मातब्बरी! त्यात पाणी जठरात रेंगाळतही नाही. घास तिथे घुसळले जात असताना पाणी कडेकडेने सटकतं आणि पंधरा-वीस मिनिटांत निम्मं पुढे गेलेलं असतं.

आणि पाणी इतकं वाईट तर आमटीचं काय करायचं? साराचं, कढीचं? शिजलेल्या भाताच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. "भात खाऊ नकोस, जठररस पातळ होईल" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

ज्यांना घशाशी आंबट येतं, त्यांनी भरल्या पोटावर ढसाढसा पाणी पिऊ नये, कारण जठर तुडुंब भरलं की वरची झडप सैल पडते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचं ऐकावं. बाकीच्यांनी भाकरीचा तुकडा घशात अडकेपर्यंत तप करण्याचं कारण नाही.

खरं तर जेवताना तहान लागते ती शरीराच्या शहाणपणानेच. जेवणातलं मीठ आणि इतर विरघळणारे पदार्थ रक्तात उतरले की रक्त दाट होतं आणि मेंदू पाणी मागतो, हे जुनं स्पष्टीकरण. पण घास खाल्ल्या खाल्ल्याच तहान लागते, तेव्हा तर रक्तात काहीच पोचलेलं नसतं. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या तहानेच्या चेतापेशी चालू असताना पाहिल्या. उंदीर खायला लागताच त्या पेशी जाग्या होत, रक्तात फरक पडण्याच्या कितीतरी आधी. पाणी पिताच त्या मिनिटाभरात गप्प होत, तेही पाणी रक्तात पोचण्याआधीच. मेंदू हिशेब आगाऊच मांडून ठेवतो. गंमत म्हणजे तोंडाला नुसता गारवा लागला तरी त्या पेशी थंडावत. माठातलं पाणी कोमट पाण्यापेक्षा जास्त 'लागतं', त्याची थोडी उकल इथे आहे.

माठाचं गणितही साधं आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती उरलेल्या पाण्यातून काढून घेतली जाते. १० लिटरच्या माठातून फक्त १०० ग्रॅम पाणी झिरपून उडालं, तर बाकीचं जवळजवळ ६ अंशांनी उतरायला हवं. बाहेरून उष्णता आत येत राहते म्हणून थोडं कमी उतरतं. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या हवेत माठ कमाल करतो आणि रत्नागिरीत तोच माठ नुसता ओला होऊन बसतो, कारण दमट हवा आणखी वाफ घ्यायला तयार नसते. त्यात कुंभाराचा दोष नाही.

आता मिरचीकडे वळू. ती मूळची अमेरिका खंडातली; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली आणि मग अशी रुळली की सावजी रस्सा किंवा खानदेशी शेवभाजी तिच्याशिवाय कल्पवत नाही. तिच्यातलं कॅप्सेसीन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. ही ग्राही मुळात साधारण ४३ अंशांवरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. कॅप्सेसीन तिला फसवतं आणि मेंदूला 'भाजलं!' असा निरोप जातो. म्हणजे 'तोंड पोळलं' ही आपली भाषा जीवशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमकी आहे. ही ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

कॅप्सेसीन पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून पाण्याचा घोट घेतला की गारव्याने क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा आग आग. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ७२ जणांना तिखट पेय देऊन वर निरनिराळी पेयं पाजली. सगळ्यांत चांगला उतारा निघाला दुधाचा आणि एका गोड सरबताचा. कोला नि सोडावॉटर त्यांच्या जवळपासही नव्हते. साय काढलेलं दूधही सायीच्या दुधाइतकंच उपयोगी पडलं. म्हणजे काम करतं ते फक्त स्निग्धांश नव्हे. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसीनला पकडून ग्राहीपासून दूर नेतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ताकात लोणी नसतं, पण केसीन असतंच. मिसळीबरोबर ताक मागवणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. आणि लग्नाच्या पंगतीतली जिलेबी-मठ्ठ्याची जोडी पाहा: एकात साखर, दुसऱ्यात केसीन, वर मठ्ठा गार. मसालेभाताचं तिखट उतरवायला याहून चोख बंदोबस्त कुठला?

ताकाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपण सरलं की दुधातली लॅक्टोज साखर फोडणारं विकर कमी होत जातं; भारतातही अशी प्रौढ माणसं मोठ्या संख्येने आहेत. पेलाभर दुधाने त्यांचं पोट गुरगुरतं. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच लॅक्टिक आम्लात बदलतात, आणि पोटात गेल्यावर त्यांच्याकडचं विकर उरलेल्या लॅक्टोजलाही हात घालतं. शिवाय ताकात पाणी घातलेलं असतंच. दूध न सोसणाऱ्या आजोबांना वाटीभर ताक सोसतं, ते यामुळे. जेवणाच्या शेवटी काय प्यावं, तर इंद्रालाही दुर्लभ असलेलं ताक, हे सुभाषित शाळेत पाठ केलेल्यांनी मनातल्या मनात मान डोलवायला हरकत नाही.

फक्त हे ताक बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवू नका. आंबटाने तांबं सुटतं, ताक कळकतं, आणि असं ताक पोटात गेलं की मळमळ-उलटी ठरलेली. 'कळकणे' हे क्रियापद स्टीलने जवळपास इतिहासजमा केलं. तांब्याच्या भांड्यातल्या साध्या पाण्याची गोष्ट निराळी. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणूसुद्धा मरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण त्याच तांब्यात लिंबू पिळलं, की पुन्हा कळकण्याचीच गत.

कोकणात आणि गोव्यात ताकाची जागा सोलकढी घेते. तिच्यात केसीन नाही, पण नारळाच्या दुधातला स्निग्धांश आहे आणि कॅप्सेसीन त्यात विरघळतं. तो देखणा गुलाबी रंग आमसुलातल्या अँथोसायनिन रंगद्रव्यांचा. ती आम्लात लालगुलाबी राहतात. चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा, गुलाबी रंग उडालाच म्हणून समजा. (पाहण्यापुरती थोडीशीच घ्या, वाटीभर सोलकढी वाया घालवणं मालवणी माणूस माफ करणार नाही.)

आणि आता चहा, ज्याला आपण कधीच काही बोललो नाही.

आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो. आवळ्यातली टॅनिनसारखी द्रव्यं आणि विळीचं लोह यांचा तो संयोग. कापड काळं रंगवायला हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) एकत्र करत, तेही हेच रसायन. चहात टॅनिनच्याच कुळातली द्रव्यं भरपूर असतात. पोळीभाजीतलं लोह आणि चहा पोटात एकत्र आले की असंच न विरघळणारं संयुग बनतं आणि ते लोह आतड्यातून न शोषता तसंच बाहेर पडतं. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी हे माणसांमध्ये मोजून दाखवलं. त्यांच्या चाचणीत ब्रेड होता तसा भातही होता. १९९९ च्या एका अभ्यासात ब्रेडबरोबर काळा चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. चहात दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही, त्यामुळे 'आमचा चहा दुधाचा' ही पळवाट बंद.

हा फटका बसतो तो मुख्यतः धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला. मासे-मटणातलं हीम लोह वेगळ्या वाटेने शोषलं जातं आणि चहाला फारसं जुमानत नाही. म्हणजे बाजरीची भाकरी लोहासाठी खायची, आणि तिच्याबरोबर कपभर चहा घ्यायचा, हा व्यवहार तोट्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं सगळं खापर चहावर फोडणं खोटेपणाचं होईल. आहार, जंत, पाळी, बाळंतपणं अशी कारणं मोठी आहेत. पण सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेली शिळी पोळी नि चहा एवढ्यावरच जिची न्याहारी उरकते, तिच्यासाठी हा कप किरकोळ नाही. (दूध-ताकातलं कॅल्शियमही लोहाला थोडं अडवतं, पण रोजच्या मिश्र आहारात तो परिणाम क्षीण ठरतो.)

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कोण ऐकतंय? २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं की खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी नुकसान बरंच कमी होतं. दुसरा उपाय लिंबाचा. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या, शोषायला सोप्या रूपात ठेवतं. पोह्यांवरची लिंबाची फोड ही नुसती सजावट नाही, आणि बशीशेजारचा वाफाळता कप नेमका तिच्या उलट दिशेने ओढत असतो.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात निदान चहा पोह्यांनंतर येतो. किती वेळाने, ते स्थळ कितपत पसंत पडलंय त्यावर.