प्रोटॉनच्या छायाचित्रातला धूसरपणा कसा निवळला

जाड, जड धातूंतून क्ष-किरण फारसे पार होत नाहीत. वेगवान प्रोटॉन मात्र पार होतात. १९६८ मध्ये हार्वर्डच्या सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारं यंत्र) प्रयोगशाळेत आंद्रेआस कोहलर यांनी १६० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या प्रोटॉनांनी छायाचित्रं काढून दाखवली. प्रोटॉन पल्ल्याच्या शेवटी झटकन थांबतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या जाड थरात घातलेला पातळसा पत्राही उठून दिसला. कडा मात्र पुसट आल्या.

प्रोटॉनवर विद्युतभार असतो, आणि वाटेतलं प्रत्येक अणुकेंद्रक त्याला थोडंसं ढकलतं. एकाच बिंदूतून निघालेले प्रोटॉन फिल्मपर्यंत पोचेतो पांगतात. फिल्म वस्तूला चिकटवली तर हे पांगणं कमी दिसतं. पण समोर स्फोट होत असेल, तर कोण चिकटवणार?

हीच अडचण लॉस अलामॉस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेला आली. १९९२ नंतर अमेरिकेने अणुचाचण्या थांबवल्या आणि स्फोटाच्या दाबाखाली धातूच्या आत काय घडतं, ते चाचणीविना पाहायची गरज पडली. ख्रिस मॉरिस, जॉन झुम्ब्रो, टॉम मॉटरशेड यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या मध्यावर वस्तू आणि कॅमेरा यांच्यामध्ये चुंबकांचं भिंग बसवलं. बिंदूतून कुठल्याही कोनात निघालेला प्रोटॉन पुन्हा एकाच बिंदूत यावा, एवढंच त्याचं काम. चार ध्रुवांचा चुंबक झोताला एका दिशेने गोळा करतो, तर दुसऱ्या दिशेने पसरवतो. म्हणून ते उलटसुलट, एकामागे एक मांडावे लागतात. हे तत्त्व अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५२ मध्येच मांडलं गेलं होतं, ते प्रवेगकांसाठी, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांसाठी. त्यावर उभारलेल्या तिथल्या एजीएस नावाच्या प्रवेगकातून पुढे २४ जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) प्रोटॉनांनी जाड वस्तूंची अशीच छायाचित्रं घेतली गेली.

तरी एक दोष उरला. वस्तूत प्रोटॉनांची ऊर्जा कमीजास्त घटते आणि वेगळ्या ऊर्जेचा प्रोटॉन वेगळ्या जागी एकवटतो, साध्या भिंगात निळा आणि तांबडा प्रकाश वेगळे पडतात तसाच. त्यावर काढलेली तोड मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. झोत सरळ न सोडता, मध्यापासून जितका दूर तितका तिरका सोडायचा. दोषाचा मोठा भाग आपोआप कटतो. शिवाय भिंगाच्या मधोमध प्रोटॉन पांगण्याच्या कोनानुसार वेगळे होतात. तिथे छिद्र असलेली जाड धातूची चकती ठेवली की जाड भागातून आलेले, फार पांगलेले अडतात आणि चित्राला उठाव येतो. ज्या पांगण्याने कडा पुसल्या होत्या, तेच आता जाडी सांगू लागलं.

लॉस अलामॉसच्या ८०० एमईव्ही झोतावर साध्या भिंगाने सुमारे १८० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावे दिसत. कायम चुंबकांच्या तिप्पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने ते ६५ च्या आसपास आले, सातपटीच्या भिंगाने ३० च्या. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय संस्थेत २०१४ मध्ये प्रायॉर नावाचा प्रोटॉन सूक्ष्मदर्शक याच वाटेने कार्यान्वित झाला. तिथे किरणोत्साराने कायम चुंबकच दुबळे पडत गेले, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांच्या जागी विद्युतचुंबक बसवले गेले.