मुंबईचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

माझी मावशी एका पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहते, दुपारी बारा वाजता गेलं तरी घरात ट्यूबलाइट चालू असते, खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावरचे ओले पाइप, आणि पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात. झोपडी मोडून पक्कं घर मिळालं याचा तिला आनंद आहेच पण तिच्याकडे जाऊन आलो की मला शंभर वर्षांपूर्वीचा एक नियम आठवतो जो याच शहरात केला गेला होता.

गोष्ट सुरू होते 1896 च्या सप्टेंबरमध्ये. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका पेशंटला तपासून सांगितलं की हा ब्युबॉनिक प्लेग आहे, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे पळाली. तोपर्यंत मुंबईत पाणी आलेलं होतं, 1860 ला विहार, 1879 ला तुळशी आणि 1892 ला तानसा, पण आलेलं पाणी वाहून नेणारी गटारं त्या मानाने झालीच नाहीत म्हणून चाळींच्या जोत्याखाली कायम ओल. दोन चाळींच्या मधल्या अरुंद घरगल्लीत वरून सांडपाणी आणि मैला पडायचा, आणि तिथेच आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी उघडायची, असलीच तर.

तेव्हा समजूत अशी की रोग घाणीतून, कोंदट हवेतून येतो. मग गटारं कार्बॉलिक या जंतुनाशकाने धुतली, भिंतींना चुना मारला, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली, आणि राहण्याच्या लायकीच्या नसलेल्या घरांवर यू.एच.एच. (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी तीन अक्षरं रंगवली. माणसांना जबरदस्तीने हॉस्पिटलात उचलून नेलं तेही झालं, लोक भडकले, ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. आणि खरं कारण वेगळंच होतं! प्लेग पसरवत होती उंदरांवरची पिसू, हे 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं, पुढे मुंबईत डॉ. लिस्टन आणि प्लेगचा अभ्यास करणाऱ्या प्लेग कमिशनच्या लोकांनी गिनीपिग वापरून पक्कं केलं.

पण चुकीच्या समजुतीतून एक बरोबर काम सुरू झालं. 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्यांचेच, दादर-माटुंग्याची आखणी त्यांचीच, आणि आपण अजून ज्यांना बीआयटी चाळी म्हणतो त्याही त्यांच्याच (परळच्या बीआयटी चाळीत 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले). ट्रस्टने पाडली जास्त आणि बांधली कमी, त्यामुळे गरीब माणूस शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला लागला, हा दोष मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

याच ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी 1910 च्या दशकात एक नियम लावून धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळाशी जमिनीपासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेघ वर काढायची, समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. साडेत्रेसष्टच का, तर या कोनाला उंची अंतराच्या जवळजवळ दुप्पट येते. म्हणजे समोरची बिल्डिंग 20 मीटर उंच असेल तर मधे 10 मीटर मोकळे हवेत, एवढं साधं गणित, गवंड्यालाही दोरी लावून करता येईल असं.

प्लेगला याचा किती उपयोग झाला कोण जाणे, पण टीबीसाठी हा नियम अगदी चपखल आहे. टीबीचा पेशंट खोकला की बाहेर पडणारे मोठे थेंब खाली बसतात पण बारीक थेंब सुकून इतके हलके होतात की कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतात, आणि त्यांतल्या जंतूवर मुख्यतः दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे खोलीतली हवा सतत बदलत राहणं, त्याने हवेतल्या जंतूंची दाटी कमी होते, आणि दुसरं थेट ऊन, त्यातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतात. दोन्हीला समोर मोकळी जागा लागते.

आता गोवंडी-मानखुर्दकडे या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती, उंच बिल्डिंगी आणि मधे काही ठिकाणी जेमतेम 3 मीटर. सात मजले आणि एक मजला 3 मीटरचा धरला तर उंची 21, ऑरच्या हिशोबाने साडेदहा मीटर सोडायला हवे होते, आणि कोन निघतो जवळपास 82 अंश. 2018 मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी या वसाहतींचा अभ्यास केला तेव्हा खालच्या, कमी उजेड-हवेच्या मजल्यांवर टीबी जास्त दिसला, आणि जवळच्याच पीएमजी कॉलनीत, जिथे बिल्डिंगी लांब-लांब आहेत तिथे, बराच कमी.

गेल्या वेळी मावशीकडे मोबाइलवर कोन मोजला. आभाळाची कड दिसेपर्यंत फोन वर करत गेलो, शेवटी खिडकीच्या गजांना गाल टेकवावा लागला तेव्हा कुठे एक निळी पट्टी दिसली. मावशी म्हणाली, तेवढं तर मला रोज दिसतं, कपडे वाळत घालताना.