नामाआधीचा प्रत्येक शब्द विशेषण नसतो

‘इंग्रजीत नामाआधी आलेला शब्द विशेषणच असतो’ हा नियम वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. विशेषणे बहुधा तिथेच येत असल्याने तो पटतोही. मात्र ‘स्कूल बस’मधील ‘स्कूल’ नामच राहते, कारण ‘व्हेरी स्कूल बस’ किंवा ‘धिस बस इज स्कूल’ असे कोणी म्हणत नाही. (मराठीत ‘शाळेची बस’ म्हणताना प्रत्यय लागतो, इंग्रजीत केवळ जागा पुरते.) याउलट ‘सेफ’ खरोखर दोन्ही आहे: तिजोरी या अर्थी त्याचे अनेकवचन ‘सेफ्स’ होते, तर सुरक्षित या अर्थी ‘व्हेरी सेफ’, ‘सेफर’ ही रूपे सहज चालतात. शंका आल्यास शब्दाला आधी ‘व्हेरी’ लावून पाहावे, मग तो ‘इज’नंतर ठेवावा, काही विशेषणे यांतील एखाद्या कसोटीत अडतात, म्हणून शेवटी शब्दकोशातील नोंदही पाहावी.