पोप जोन

पोप जोन : मध्ययुगीन युरोपातील दंतकथेतली स्त्री-पोप. पुरुषवेशात विद्या मिळवून ती रोमच्या धर्मपीठावर बसली आणि भर मिरवणुकीत बाळंत झाल्यामुळे तिचे बिंग फुटले, अशी कथा आहे. अशी कोणी बाई पोप झाली नाही, हे आता अभ्यासक मान्य करतात. तरीही सुमारे तीन शतके खुद्द कॅथलिक जगात तिला खरी मानले जात होते, आणि नोंद घ्यायची ती मुख्यतः त्याचीच.

कथेचा पहिला लेखी उल्लेख १२५० च्या सुमारास झाँ द मायी या डोमिनिकन साधूच्या इतिवृत्तात सापडतो. तिथे बाईला नावही नाही. काळ सांगितला आहे १०९९ च्या आसपासचा. हुशारीच्या बळावर ती धर्मदरबारात लेखनिक, मग कार्डिनल, शेवटी पोप होते. एक दिवस घोड्यावर चढताना प्रसूत होते. लोक तिचे पाय घोड्याच्या शेपटीला बांधून तिला फरफटत नेतात, दगडांनी ठेचतात आणि जिथे मेली तिथेच पुरतात.

तिला चरित्र मिळाले ते मार्टिन ऑफ ओपावा याच्या पोप-सम्राटांच्या इतिवृत्तात. मार्टिन १२७८ मध्ये वारला. हा मजकूर त्याचा स्वतःचा की नकलाकाराने मागून घुसडलेला, यावर वाद आहे. यात ती ‘जॉन अँग्लिकस’ (म्हणजे इंग्रज जॉन), जन्म जर्मनीतल्या माइन्झचा. प्रियकर तिला पुरुषवेशात अथेन्सला नेतो. तिथे ती विद्येत अशी तयार होते की पुढे रोममध्ये शिकवू लागल्यावर मोठमोठे विद्वान तिच्यापुढे बसतात. चौथ्या लिओनंतर पोप होऊन ती २ वर्षे, ७ महिने, ४ दिवस राज्य करते. सेंट पीटरच्या चर्चहून लॅटरन या रोममधल्या पोपच्या प्रासादाकडे जाताना, कॉलोसियम आणि सान क्लेमेंतेचे चर्च यांमधल्या गल्लीत तिला मूल होते. इथे घोड्याची शेपूटही नाही आणि दगडफेकही नाही. कारकीर्द मात्र दिवसांपर्यंत मोजलेली आहे. वाचणाऱ्याची खात्री पटते ती अशाच तपशिलांनी.

पण हिशेब जुळत नाही. चौथा लिओ १७ जुलै ८५५ रोजी वारला आणि तिसऱ्या बेनेडिक्टचा अभिषेक त्याच वर्षी २९ सप्टेंबरला झाला. अडीच वर्षांच्या कारकिर्दीला जागा मिळते ती जेमतेम अडीच महिन्यांची, आणि तेवढ्यातही अनास्तासियस नावाच्या तोतया पोपाने गादी बळकावण्याचा खटाटोप करून घेतला होता. बेनेडिक्ट आणि सम्राट पहिला लोथार या दोघांची नावे असलेले नाणे उपलब्ध आहे. लोथार सप्टेंबर ८५५ च्या अखेरीस मेला, म्हणजे बेनेडिक्टला तेव्हाच पोप मानले जात होते. शिवाय कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोतियस रोमचा कट्टर वैरी होता. असे प्रकरण त्याच्या काळात घडले असते तर त्याने त्याचा गाजावाजा केला असता, पण तो या बाबतीत गप्प आहे. आपल्याकडच्या संशोधकांच्या भाषेत सांगायचे तर अस्सल कागद एकही नाही. आहे ती बखर, तीही चारशे वर्षांनंतरची.

मग गोष्ट आली कुठून? बहुधा रोममधल्याच काही चमत्कारिक वस्तूंमधून, ज्यांचा मूळ अर्थ लोक विसरले होते. झाँ द मायीने एका दगडावरचा लेख दिला आहे : ‘पेत्रे, पातेर पात्रुम, पापिसे प्रोदितो पार्तुम’, म्हणजे हे पीटर, पित्यांच्या पित्या, पोपिणीचे बाळंतपण उघड कर. सहाही शब्द प-चे. ‘स्वखर्चाने उभारले’ या अर्थाची तीन प-कारी आद्याक्षरे जुन्या रोमन दगडांवर सर्रास असत. त्यांचाच कोणी चटपटीत अर्थ लावला असावा. दुसरी वस्तू म्हणजे लॅटरनमधली, बैठकीला भोक असलेली दोन लाल दगडी आसने. नवा पोप विधीत त्यांवर बसे. पोप पुरुषच आहे ना, हे खालून चाचपून पाहण्यासाठी ते भोक, असे रोमकर मिटक्या मारत सांगत. वस्तुतः ती प्राचीन रोमन आसने आहेत, आणि १०९९ मध्ये, म्हणजे कथा लिहिली जाण्याच्या दीडशे वर्षे आधी, ती वापरात होती. आज एक व्हॅटिकनमध्ये आहे, दुसरे पॅरिसच्या लूव्हरमध्ये. तिसरी गोष्ट म्हणजे तिला मूल झाले ती गल्ली. पोपच्या मिरवणुका ती टाळत, आणि लोक त्याचे कारण जोन सांगत. गल्ली अरुंद होती, एवढे कारण पुरेसे होते. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवा इनोसंट त्या वाटेने गेला तेव्हा त्यालाही टीका ऐकावी लागली.

चर्चला या कथेची लाज वाटत होती असे दिसत नाही. सिएनाच्या कॅथेड्रलमध्ये पोपांच्या अर्धपुतळ्यांच्या रांगेत तिचाही पुतळा होता; १६०० च्या सुमारास त्याला पोप झकारियसचे नाव दिले गेले. बोकाचो या इटालियन लेखकाने नामांकित स्त्रियांच्या चरित्रांत तिला घेतले. व्हॅटिकनचा ग्रंथपाल प्लातिना यानेही आपल्या पोपचरित्रांत ती कथा सांगितली. कॉन्स्टन्सच्या धर्मसभेपुढे यान हुस या झेक धर्मसुधारकाने पोपविना चर्च चालते याचा दाखला म्हणून ‘ॲग्नेस’ नावाने तिचा उल्लेख केला. हुसला १४१५ मध्ये पाखंडी ठरवून जाळले, पण या दाखल्याला कोणी हरकत घेतल्याची नोंद नाही.

वारे फिरले ते प्रोटेस्टंटांनी ही कथा रोमविरुद्ध हत्यार म्हणून उचलल्यावर. मग कॅथलिक पंडित खंडनाला लागले. पण निर्णायक घाव घातला तो दावीद ब्लोंदेल या फ्रेंच प्रोटेस्टंटाने, १६४७ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या प्रबंधातून. आयते हत्यार हातचे घालवले म्हणून त्याचे स्वतःचेच लोक त्याच्यावर रुसले.

पोपांच्या यादीत विसावा जॉन नाही. ती जागा जोनची, असे अजूनही हौसेने सांगितले जाते. खरा प्रकार कारकुनी आहे : चौदाव्या जॉनच्या कारकिर्दीची नोंद चुकीची वाचल्याने एकाचे दोन जॉन झाले, आणि १२७६ मध्ये निवडून आलेल्या पोर्तुगीज पोपने त्या गणतीवर विसंबून स्वतःला थेट एकविसावा म्हणवले.