सदोष गाडी आणि ‘फक्त दुरुस्ती’चा गैरसमज

वॉरंटीत केवळ दुरुस्तीचा उल्लेख असल्याने सदोष गाडी बदलून मागता येत नाही, हा वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ नुसार ग्राहक आयोग दुरुस्तीबरोबरच गाडी बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचाही आदेश देऊ शकतो. मात्र दोष सिद्ध करावा लागतो. म्हणूनच प्रत्येक खेपेच्या जॉबकार्डवर (गाडी दुरुस्तीला देताना वर्कशॉप भरते त्या नोंदपत्रावर) ‘सर्व्हिसिंग’ असे मोघम न लिहू देता ‘दुसरा गिअर पडत नाही’ अशी नेमकी तक्रार नोंदवून घ्यावी, कारण तज्ज्ञाच्या अहवालाखालोखाल हाच कागद, माझ्या मते, सर्वांत मोलाचा ठरतो. ५० लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते; मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.