फवारलेल्या काँक्रीटचा चिवटपणा: औट्रम घाटाच्या निमित्तानं थोडी पार्श्वभूमी

कन्नड आणि चाळीसगावच्या मधल्या औट्रम घाटात बोगदा व्हावा, ही मागणी मराठवाड्यात जुनी आहे. घाटात वाहतूक तुंबली की विषय पुन्हा निघतो आणि बोलणं बोगद्याची लांबी नि खर्च यांच्यापाशीच थांबतं. छताला आधार कशाचा देणार आणि तो तपासणार कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपला खडक बेसाल्टचा, थरावर थर. घट्ट काळा पाषाण खोदायला कठीण, पण उभा राहतो. वेरूळचं कैलास त्याच्यातच कोरलेलं आहे. दोन थरांमध्ये मात्र कुठे लाल गेरूचा पट्टा लागतो, कुठे मांजऱ्या नावाचा कच्चा खडक. गेरूला पाणी लागलं की त्याचा भुगा होतो आणि वरच्या दगडाचा आधार जातो. अशा जागी खोदकाम झालं की लगेच छतावर नि भिंतींवर काँक्रीट फवारतात. साइटवर त्याला शॉटक्रीट म्हणतात, जुनी माणसं गनाइट.

या फवारणीचा जनक बोगद्यातला माणूसच नव्हे. अमेरिकेतले कार्ल एकेली संग्रहालयांसाठी मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने घडवत. हवेच्या दाबानं सिमेंट-वाळू फवारणारं यंत्र त्यांनी 1907 च्या सुमारास केलं आणि 1911 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे खाणी-बोगद्यांत हे तंत्र रुळलं, तेव्हा थर फुटून पडू नये म्हणून आत तारेची जाळी ठोकायची पद्धत पडली. उघड्या खडकाखाली उभं राहून जाळी ठोकणं म्हणजे जिवावरचं काम. शिवाय खडक ओबडधोबड, त्यामुळे जाळीमागे पोकळ्या राहतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जाळीऐवजी मिश्रणातच पोलादी तंतू घालून पाहिले गेले आणि 1973 मध्ये आयडाहोतल्या रिरी धरणाच्या बोगद्यात ते प्रत्यक्ष वापरले. नॉर्वेनं पुढे हीच पद्धत आपलीशी केली.

हा तंतू साधारण 30 ते 35 मिमी लांब, अर्धा मिमी जाड, दोन्ही टोकांना वाकवलेला. काँक्रीटला तडा गेला की तो सहसा तुटत नाही. टोकाचा आकडा सरळ होत होत तंतू घासत बाहेर ओढला जातो आणि खडकाचा रेटा त्या ओढाताणीत जिरतो. म्हणजे त्याचं खरं काम तडा गेल्यावर सुरू होतं. 28 दिवसांचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, फोडून हे कळत नाही. तंतू घातले काय, न घातले काय, क्यूबचा आकडा फारसा हलत नाही. ताकद आणि चिवटपणा, म्हणजे तडा गेल्यावरही धरून राहणं, यांतला फरक मराठवाड्याला वेगळा सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात कोसळलेल्या दगडमातीच्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या. माळवदाचं वजन त्यांनी वर्षानुवर्षं पेललं. जमीन हलल्यावर मात्र त्या एकसंध राहिल्या नाहीत.

मग चिवटपणा मोजायचा कसा? अमेरिकेत 1984 मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सी1018 हे मानक आलं. तुळई वाकवायची, पहिला तडा जाईपर्यंत किती ऊर्जा लागली ते काढायचं आणि पहिल्या तड्याच्या वेळी जो वाक होता त्याच्या तिपटीपर्यंत, साडेपाच पटीपर्यंत, साडेदहा पटीपर्यंत लागलेल्या ऊर्जेला त्या ऊर्जेनं भागायचं. कागदावर हे फार देखणं होतं. पण पहिला तडा नेमका कधी गेला, यावर दोन प्रयोगशाळांचं एकमत होईना. तोवरचा वाक मिलिमीटरचे काही शतांश. आधाराशी तुळई जराशी दबली तरी सगळं गणित बदलायचं. हे मानक 2006 मध्ये मागे घेतलं गेलं. जपाननं ती भानगडच ठेवली नव्हती: तुळईच्या दोन टेकूंमधल्या अंतराच्या 150 व्या भागाइतका वाक येईपर्यंतची ऊर्जा मोजायची, बस.

युरोपनं तुळईच्या जोडीला पाटा आणला, कारण बोगद्यातला थर तुळईसारखा नव्हे तर पाट्यासारखा वाकतो. एफनार्क या युरोपीय संघटनेच्या 1996 च्या नियमावलीत 600 मिमी चौरस, 100 मिमी जाड पाटा चारही कडांनी टेकवून मधोमध दाबतात. 25 मिमी वाकेपर्यंत त्यानं शोषलेली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजायची. त्याचे वर्ग तीन: 500, 700 आणि 1000 ज्यूल. पाट्याचं वजन 85 किलोच्या आसपास, त्यामुळे उचलायलाच दोन-तीन माणसं लागतात. आणि तळ जरा वाकडा असला की तो चौकटीवर नीट बसत नाही, निकाल भरकटतो. ऑस्ट्रेलियात स्टीफन बर्नार्ड यांनी यावर उपाय शोधला: 800 मिमी व्यासाचा, 75 मिमी जाड गोल पाटा, खाली फक्त तीन टेकू. तीन पायांवरची वस्तू डुगडुगत नाही आणि तडेही साधारण तीनच जातात. एएसटीएमनं 2002 मध्ये ही पद्धत सी1550 म्हणून स्वीकारली. मला या सगळ्या पद्धतींत हीच सर्वांत प्रामाणिक वाटते.

आपल्याकडचं शॉटक्रीटचं मानक, आयएस 9012, 1978 चं. म्हणजे या सगळ्या कसोट्यांच्या आधीचं. म्हणून घनमीटरला इतके किलो तंतू एवढं निविदेत लिहून भागत नाही. फवारताना काही तंतू उडून खाली पडतात, ते भिंतीवर पोचतच नाहीत. गेरूच्या पट्ट्यासाठी ज्यूलचा वर्ग लिहावा, आणि चाचणीचा पाटा प्रयोगशाळेत न ओतता, बोगद्यात जो माणूस नोझल धरतो त्याच्याच हातून, त्याच यंत्रानं फवारून घ्यावा.